पूजेचा गठ्ठा वेगळा होता

रफिकभाईच्या कारखान्यातली फरशी पाहिली आहे का कधी? रेझिनचे थेंब पडून पडून तिच्यावर दुसरीच फरशी तयार झाली आहे. छिन्नीनं एक थेंब उचकटा, खाली दुसरा. त्याच्या खाली तिसरा, आणखी जुना, आणखी पिवळा. आमच्या टोळक्यातले किस्से तसेच आहेत. एक सांगायला घेतला की खालचा वर येतो. मला एका जागी बसून काही सांगता येत नाही, त्यामुळे उभ्या उभ्याच ऐका.

टोळकं म्हणजे फार नाही. चंद्रपूरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजातले लाखे सर. त्यांच्या हाताखाली एम.टेक. करणारी प्रज्ञा, भद्रावतीची, बाप तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला. फायबरचे कूलर आणि पाण्याच्या टाक्या बनवणारे रफिकभाई. आणि मी. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होतो. नंतर नव्हतो. ते येईलच.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. नॅनो हा शब्द तेव्हा नवीन होता आणि ज्याला काहीच येत नव्हतं तोही तो भाषणात वापरत होता.

*

सुरुवात झाली दसरू मास्तरमुळे. भामरागडच्याही पुढे, नदीच्या पल्याड त्याचं गाव. माडिया माणूस, तिथल्याच शाळेत मास्तर. पावसाळा लागला की नदी फुगते आणि गाव तुटतं. दवाखाना अल्याड, माणसं पल्याड. लाकडाची कोरीव डोंगी होती, ती मागच्या पुरात फुटली.

दसरू मास्तर कुठून तरी ऐकून आला की चंद्रपूरचं कॉलेज बांबूपासून फायबरसारखा पत्रा बनवून राह्यलं. एसटीनं दिवसभर हाडं खिळखिळी करून आला आणि सरळ सरांच्या केबिनमध्ये.

‘सर, आमच्याकडे बांबूच बांबू हाय. तुम्ही नाव बनवून द्या. हलकी पायजे, दोघांनी उचलली पायजे.’

सर खुर्चीत मागे रेलले. ‘बघू. संशोधन आहे हे. संशोधनाला वेळ लागतो.’

‘किती?’

‘अहो, विज्ञानाला घाई चालत नाही.’

दसरू मास्तर शांतपणे म्हणाला, ‘माझी बायको पोटुशी हाय सर. ती पावसाळ्यातच बाळंत होनार. विज्ञानाले सांगा तेवढं.’

सर हसले. दसरू मास्तर हसला नाही.

*

आता बांबूचं दुखणं काय, ते सांगतो. बांबूचा धागा ताकदीचा, पण रेझिनला तो नीट धरत नाही. त्याला पाण्याचा सोस. धागा आणि रेझिन म्हणजे आमच्या घरचे आईबाप, राहतात एकत्र पण चिकटलेले नाहीत. ताण आला की धागा आतून सटकतो.

त्यावर प्रज्ञाचा उपाय होता लेप. मूल गावच्या राइस मिलमधून भाताचं तूस आणायचं, जाळायचं, राखेतून सिलिका काढायची, तीही इतकी बारीक की डोळ्याला दिसणार नाही. तिचं दुधासारखं पाणी करायचं. बांबूचे धागे आधी धुऊन घ्यायचे, मग त्यात बुडवायचे, मग वाळवायचे. धाग्याच्या गुळगुळीत अंगावर बारीक खडबड तयार होते आणि रेझिन त्या खडबडीत नखं रोवतं.

सरांनी हे रफिकभाईंना समजावलं. ‘केसाचे हजारो उभे भाग केले, तर त्यातला एक. एवढा बारीक कण!’

रफिकभाई तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. ‘म्हणजे दिसत नाई?’

‘नाही दिसत.’

‘मग लावला का नाई लावला, कसं समजन?’

‘विश्वास ठेवायचा,’ सर म्हणाले.

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘अबे, माझ्या कूलरवर गिऱ्हाईक असा विश्वास ठेवत नाई बे!’

*

लेप लागला की नाही हे कळायची साधी रीत आहे. धाग्याचं एक टोक रेझिनच्या ठोकळ्यात पुरायचं आणि दुसरं मशीननं ओढायचं. धागा ओल्या मातीतून गाजर यावं तसा अख्खा बाहेर आला, तर पकड नाही. धागा मधेच तुटला पण आतलं टोक सुटलं नाही, तर पकड आहे. सोपं आहे. दहावीतल्या पोरालाही समजेल.

हे पाहायला संस्थेचे अध्यक्ष आले. पांढरे कपडे, पांढरे बूट, मागे चार माणसं. प्रज्ञानं आधी बिनलेपाचा धागा ओढला. सळकन अख्खा बाहेर! मग लेपाचा ओढला. ताण वाढत गेला, वाढत गेला आणि कट्! तुटला.

प्रज्ञा तोंड उघडणार, तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, ‘पाहिलं? पहिला बाहेर आला, पण तुटला नाही! याला म्हणतात ताकद. हा दुसरा कच्चा आहे, फेकून द्या.’

मागची चार माणसं म्हणाली, ‘वा!’

प्रज्ञानं सरांकडे पाहिलं. सरांना सगळं माहीत होतं. वीस वर्षं हेच शिकवत होते. सरांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘साहेबांची नजर!’

तो सटकलेला धागा आजही कॉलेजच्या पोर्चमध्ये काचेच्या पेटीत आहे. दिवाळीला पेटी पुसतात.

*

रफिकभाईंनाही सोडायचं कारण नाही. माणूस दिलदार, पण सल्ला ऐकणं त्यांच्या धर्मात बसत नाही.

मे महिना. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला पटणार नाही. रेझिनमध्ये हार्डनर टाकला की ते कडक होतं आणि उन्हाळ्यात जरा जास्तच लवकर होतं. प्रज्ञा म्हणाली, ‘भाई, उन्हाळा आहे. हार्डनर कमी टाका आणि थोडं थोडं कालवा.’

‘बाई, तू पैदा नव्हती झाली तेव्हापासून कालवून राह्यलो मी!’ असं म्हणून त्यांनी अख्खी बादली एकदम कालवली. नाव बनवायचा पहिला दिवस. साचा तयार, धाग्यांच्या चटया तयार. रफिकभाई खर्रा थुंकायला बाहेर गेले. परत येईतो बादलीतून धूर!

‘पानी! पानी डाल!’ म्हणून ओरडले. पाणी कशात आणायचं? मग्गा बादलीत होता.

ती बादली, मग्गा आणि त्यांचा आवडता ब्रश, तिन्ही एकजीव झाले. आता तो ठोकळा कारखान्याचं दार अडवायला ठेवतात. कुणी विचारलं की भाई म्हणतात, ‘त्याले नॅनो लावला नाई, तरी काय पकड हाय पहा!’

पण आमचं सगळं रेझिन त्या दिवशी गेलं. दसरू मास्तरचा एसटीडी बूथवरून फोन आला. मीच घेतला. त्यानं एवढंच विचारलं, ‘भाऊ, ढग दिसून राह्यले का तिकडं?’

‘नाही अजून.’

‘इकडं दिसून राह्यले.’

*

आता सरांची पूजा.

लाखे सर हाडाचे श्रद्धाळू. नवीन मशीन आलं, पूजा. मशीनचा पट्टा बदलला, पूजा. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजतात, त्यात काही नाही. पण सरांची खंडेनवमी बारा महिने चालायची. लेप देऊन वाळवलेल्या धाग्यांचा प्रत्येक नवा गठ्ठा ते टेबलावर ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे, तुपाचं बोट लावायचे, निरांजन ओवाळायचे. आणि शेवटी डोळे मिटून गठ्ठ्यावरून दोन्ही तळहात फिरवायचे, नातवाच्या पाठीवरून फिरवावेत तसे. सकाळीच डोक्याला चोपडलेलं खोबरेल तळहातावर असायचंच.

त्यांनी एकदा प्रज्ञाच्या हातात आरतीचं ताट दिलं. ती म्हणाली, ‘सर, आमच्या घरी नाही करत.’

‘अगं, विज्ञानाच्या आधी श्रद्धा लागते.’

‘सर, विज्ञानाच्या आधी हातमोजे लागतात,’ ती म्हणाली. पण इतक्या हळू, की फक्त मला ऐकू आलं.

आणि मग नमुने फेल व्हायला लागले. लेप तोच, राख तीच, रेझिन तेच. धागे सळासळ बाहेर! सरांनी कारणं काढली. दमट हवा. व्होल्टेज. तुसाचा वाण. रफिकभाईंचा खर्रा.

मधे सर मेहुण्याच्या लग्नाला आठवडाभर अमरावतीला गेले. त्या आठवड्यातले सगळे नमुने पास! सर परत आले, फेल. सर आजारी पडले, पास. सर बरे झाले, फेल.

रफिकभाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, ‘सरची तब्येत आणि आपली नाव, दोघांतून एकच वाचन.’

तूप आणि खोबरेल! धाग्याच्या त्या बारीक खडबडीत तेल मुरलं की रेझिन नखं रोवणार कुठं? प्रज्ञानं एका गठ्ठ्याचे दोन भाग केले, अर्धा पूजेला दिला, अर्धा लपवला. पूजेतला सटकला, लपवलेला तुटला. तिनं दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. एक टोक धुतलेल्या चमच्यासारखं स्वच्छ, दुसऱ्याला रेझिन चिकटून बसलेलं. आता काय राहिलं सांगायचं?

सांगायचं कुणी, ते राहिलं. तिची डिग्री सरांच्या सहीवर अडकलेली. माझं काहीच अडकलेलं नव्हतं, तशीही माझी हजेरी कमीच होती. मी गेलो आणि सगळ्यांसमोर बोललो, ‘सर, धाग्याला तूप लावणं बंद करा. तुमच्या हातानंच नाव बुडून राह्यली.’

सर लाल झाले. ‘माझ्या वीस वर्षांच्या साधनेच्या हाताला तू बुडवणारा म्हणतोस?’

‘साधना घरी करा ना सर. इथं गावाची नाव हाय.’

‘बाहेर हो!’

झालो. लॅबमधून निघालो तो कॉलेजच्या गेटमधूनही निघालो आणि पुन्हा आत गेलो नाही. संध्याकाळी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये बापाला सांगितलं. बाप म्हणाला, ‘सगळ्यांचे पोट्टे माना हलवून इंजिनिअर होऊन राह्यले. तुले काऊन नाई हलवता येत?’

मी सायकल काढली आणि रफिकभाईकडे गेलो. दुसऱ्या दिवसापासून तिथंच कामाला.

*

पण पूजा काही थांबली नाही. नावेच्या चटयांची तर महापूजा होणार होती. अध्यक्ष येणार, भटजी येणार, तुपाचं बोट नाही, वाटी येणार! मी कारखान्यात येरझाऱ्या घालत होतो. ‘हे आता जाऊन सगळ्या चटया तुपात बुडवतीन!’

प्रज्ञा एका उलट्या टाकीवर बसली होती. म्हणाली, ‘सरांना पूजेला गठ्ठा पाहिजे ना? कोणता पाहिजे, ते कुठं सांगितलं?’

रफिकभाईंनी दोन मिनिटं विचार केला आणि टाकीवर थाप मारली. ‘पोरगी भद्रावतीची हाय, बारूदच निघन!’

बुरडाकडून साध्या बांबूच्या चटया आणल्या. लेप नाही, काही नाही. कॉलेजात त्यांची यथासांग पूजा झाली. मंत्र झाले, तूप झालं, सरांनी डोळे मिटून हात फिरवले, अध्यक्षांनीही फिरवले. म्हणाले, ‘नॅनोचा स्पर्शच वेगळा!’

तेवढ्यात इकडे आम्ही दार लावून, स्वच्छ हातमोजे घालून, खऱ्या चटया साच्यात बसवत होतो. रफिकभाईंनी त्या दिवशी खर्रासुद्धा खाल्ला नाही. आणि हार्डनर प्रज्ञा सांगेल तेवढाच टाकला, रेझिन वाटीवाटीनं कालवलं. ही बातमी आहे, किस्सा नाही.

पूजेच्या चटया आम्ही नंतर ‘उरलेल्या’ म्हणून परत केल्या, त्या सरांनी घरी नेल्या. गच्चीवर त्यांच्यावर पापड वाळवतात.

*

नाव निघाली सुंदर. हिरवी, हलकी, बोटानं वाजवली तर टणटणीत. चंद्रपूरजवळच्या एका तलावात चाचणी ठेवली. रेतीच्या गोण्या टाकल्या, रफिकभाई बसले, मी बसलो, दगडावर आपटून पाहिली. ओरखडा, बस्स.

काठावर प्रज्ञा म्हणाली, ‘सर, बसा ना एकदा. तुमचीच आहे.’

सर दोन पावलं मागे सरकले. ‘मला पोहता येत नाही गं.’

‘बुडणार नाही सर.’

‘ते माहीत आहे. माझा पूर्ण विश्वास आहे,’ सर म्हणाले, आणि आणखी दोन पावलं मागे गेले.

मग नाव कॉलेजच्या पोर्चमध्ये आली, त्या काचेच्या पेटीच्या शेजारी, आणि तिथंच बसली. कारण? उद्घाटनाला मोठे पाहुणे हवे होते आणि पाहुण्यांना तारीख नव्हती. मृग लागला. पाऊस सुरू झाला. दसरू मास्तरचा फोन यायचा, आवाज तुटक. ‘पानी वाढून राह्यलं भाऊ. नाव कुठी हाय?’

‘पोर्चमध्ये.’

‘पोर्चमध्ये पूर आला का?’

मी सरांच्या केबिनचं दार ढकलून आत गेलो. कॉलेज सोडलेल्या पोराला दार वाजवायची गरज नसते. ‘सर, नाव द्या. आम्ही ट्रकवर टाकून नेतो. उद्घाटन मागून करा.’

‘मागून उद्घाटन करतात का कुठं?’

‘बाई अडली तर?’

‘शुभ बोल रे जरा!’

*

शेवटी तारीख मिळाली. आता तो दिवस सांगतो, म्हणजे माझी सुटका होईल.

नदीच्या अल्याड, रस्ता संपतो तिथं मांडव. खुर्च्या, सतरंजी, लाऊडस्पीकर. नाव पाण्यात अर्धी उतरवलेली, समोर दोन खुंटांना लाल रिबीन बांधलेली. अध्यक्ष आले, सर आले, हातात नारळ. दसरू मास्तर दोन दिवस आधीच एका ओंडक्यावर जीव धोक्यात घालून अल्याड आला होता, नाव न्यायला. बायको पल्याड. मुख्य पाहुणे मात्र रस्त्यात होते. कुठल्या रस्त्यात, कुणास ठाऊक. पाणी गढूळ, फुगलेलं, फांद्या घेऊन चाललेलं.

वेळ काढायला सरांनी भाषण सुरू केलं. तेवढ्यात पल्याडच्या काठावर माणसं जमायला लागली. बायका, म्हातारे. हात वर करून हलवू लागले. काहीतरी ओरडत होते, पण पाण्याच्या आवाजात समजत नव्हतं. एकानं लुगडं काठीला बांधून फिरवलं.

‘पाहा!’ सर माइकवर म्हणाले. ‘हा जनतेचा आनंद पाहा!’ आणि त्यांनी हात हलवला. अध्यक्ष उभे राहिले, त्यांनी दोन्ही हात हलवले. मागची चार माणसंही हलवायला लागली.

पल्याडचे आणखी जोरात हलवू लागले. अल्याडचे आणखी जोरात.

दसरू मास्तर मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं कान दिला. क्षणभरच. मग पळत सुटला. रफिकभाई त्याच्या मागे. दोघांनी नावेला खांदा दिला आणि लाल रिबीन नावेच्या नाकाडावर ताणली गेली, ताणली गेली आणि तुटली.

‘अरे! उद्घाटन व्हायचंय!’ सर माइकवर ओरडले. ते नदीच्या दोन्ही काठांना ऐकू गेलं.

मधल्या धारेत एक ओंडका आला आणि नावेच्या बरगडीवर आदळला. तो आवाज माझ्या अजून कानात आहे. प्रज्ञानं माझं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत. नाव गिरकी खाऊन सरळ झाली. गेली. आणि आली. दसरू मास्तरची बायको आत आडवी, ओठ घट्ट मिटलेले, तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन. रफिकभाईंनी उतरल्या उतरल्या नावेच्या बरगडीवरून हात फिरवला, प्रज्ञाकडे पाहिलं आणि मान हलवली. खरी मान हलवणं मी त्या दिवशी पाहिलं.

कॉलेजची जीप चिखल उडवत हेमलकशाच्या दवाखान्याकडे गेली. दसरू मास्तर मागे लटकून. चार वाक्यं बोलायलाही थांबला नाही.

मग आले मुख्य पाहुणे! सरांनी घाईघाईनं तुटलेल्या रिबिनीला गाठ मारून ती पुन्हा बांधली. पाहुण्यांनी गाठीच्या बाजूला कापली. टाळ्या. प्रज्ञा माझ्या कानात म्हणाली, ‘आता लावू द्या तूप. आता काही बिघडत नाही.’ सरांनी नारळ उचलला.

आणि पल्याडच्या काठावर माणसं पुन्हा हात हलवायला लागली.

अध्यक्षांचा हात अर्धा वर गेला आणि तिथंच थांबला. बाकी कुणी हलवला नाही. सगळे पल्याड पाहत होते. मांडवात माडिया बोली समजणारा एकच माणूस होता, तो जीपला लटकून गेलेला.

‘काय... काय म्हणताहेत आता?’ सरांनी विचारलं. कुणाला विचारलं, कळलं नाही.

रफिकभाई नावेच्या काठावर बसले होते. त्यांनी वल्हं उचललं आणि सरकून बाजूला जागा केली.

‘चला सर,’ ते म्हणाले. ‘इचारून येऊ.’

सरांनी पाण्याकडे पाहिलं. मग नारळ खाली ठेवला आणि चप्पल काढली.